थांबायचे कोणी? : नेटवर्क स्विचमधल्या रांगांचा हिशेब

विरारच्या पुढे डहाणूपर्यंत रेल्वेचे दोनच मार्ग आहेत, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम चालू आहे. तोवर सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर या स्टेशनांवरून राजधानी, गुजरातकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि २०१३पासून डहाणूपर्यंत आलेली लोकल, या सगळ्यांना याच रुळांवरून जावे लागते. मागून राजधानी येत असेल, तर लोकल एखाद्या स्टेशनात लूप लाइनवर घेतात आणि राजधानी पुढे काढतात. केळव्यात राहणाऱ्या माणसाला ‘प्राधान्य’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

आपल्या घरातल्या, बँकेतल्या, इस्पितळातल्या संगणकांना जोडणाऱ्या स्विच नावाच्या पेटीत हाच प्रश्न दर सेकंदाला हजारो वेळा सोडवला जातो. या विषयातले माझे औपचारिक शिक्षण नाही. मानके वाचत आणि एक जुना स्विच टेबलावर मांडून जे समजत गेले, ते येथे मांडतो. तंत्रापेक्षाही मला त्यामागचा हिशेब महत्त्वाचा वाटतो : रांगेत थांबण्याचा वेळ नाहीसा करता येत नाही, तो फक्त वाटता येतो.

रांग लागते कुठे?

संगणक आपली माहिती लहान तुकड्यांत पाठवतो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. स्विचमध्ये पॅकेट एका पोर्टातून आत येते आणि पत्ता पाहून दुसऱ्या पोर्टातून बाहेर पडते. बाहेरचा रस्ता मोकळा असेल तर प्राधान्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण तीन पोर्टांतून आलेली पॅकेटे एकाच पोर्टातून बाहेर पडू पाहतात, तेव्हा रांग लागते. १५०० बाइटचे पॅकेट बाहेर पडायला सेकंदाला १०० मेगाबिटच्या पोर्टावर ०.१२ मिलिसेकंद लागतात, १० मेगाबिटच्या पोर्टावर १.२ मिलिसेकंद. तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचे.

थांबणाऱ्यांसाठी स्विचमध्ये स्मृतीचा एक साठा असतो, त्याला बफर म्हणतात. हा साठा मोठा केला की प्रश्न सुटेल असे वाटते. तसे होत नाही. १० मेगाबिटच्या वाटेवर १० लाख बाइटांचा बफर भरलेला असेल, तर शेवटी आलेल्या पॅकेटाला ०.८ सेकंद ताटकळावे लागते. फाइल उतरवणाऱ्याला ते कळणारही नाही. फोनवर बोलणाऱ्याचे मात्र संभाषण मोडते. बोललेला शब्द १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. उशिरा आलेले आवाजाचे पॅकेट हरवल्यातच जमा असते.

ओळख, रांग, निवड

म्हणून स्विच तीन कामे करतो. पहिले काम ओळखण्याचे. १९८१च्या इंटरनेट प्रोटोकॉलमध्येच प्रत्येक पॅकेटाच्या कपाळावर तीन बिटांची जागा राखली होती. तिथल्या पायऱ्यांची ‘रुटीन’, ‘इमीजिएट’, ‘फ्लॅश’ ही नावे थेट लष्करी संदेशव्यवहारातून आलेली. १९९८मध्ये ती व्यवस्था बदलून सहा बिटांची, म्हणजे ६४ खुणांची झाली. आवाजाच्या पॅकेटांना सहसा ४६ हा आकडा देतात. स्थानिक नेटवर्कमधल्या स्विचांसाठी त्याच सुमारास तीन बिटांची, ० ते ७ अशी आठ पायऱ्यांची खूण ठरली. तिच्यात एक गंमत आहे : १ ही पायरी ०च्या खालची आहे. ज्याला कसलीच घाई नाही, त्या मागल्या दाराच्या कामांसाठी ती ठेवलेली आहे.

दुसरे काम, खुणेप्रमाणे पॅकेट वेगळ्या रांगेत उभे करणे. बहुतेक स्विचांत प्रत्येक पोर्टामागे चार किंवा आठ रांगा असतात.

तिसरे काम निवडीचे आणि खरी कसोटी तिथेच लागते. सर्वांत सोपा नियम ‘कडक प्राधान्या’चा : वरच्या रांगेत एकही पॅकेट असेपर्यंत खालच्या रांगेकडे पाहायचे नाही. मात्र बाहेर पडायला लागलेले पॅकेट साधारणपणे अर्धवट अडवत नाहीत. दोन सिग्नलांमधल्या टप्प्यात शिरलेल्या मालगाडीमागे राजधानीलाही थांबावे लागते, तसेच हे. या नियमाचा दोष उघड आहे. वरची रांग कधीच रिकामी झाली नाही, तर खालची उपाशी मरते. इंग्रजी परिभाषेतही या स्थितीला ‘उपासमार’ असेच नाव आहे.

तुटीचे खाते

त्यावरचा उपाय पाळीचा. जॉन नेगल यांनी १९८५मध्ये सुचवले, की प्रत्येक स्रोताची रांग वेगळी ठेवा आणि पाळीपाळीने प्रत्येकाचे एक पॅकेट सोडा. पण मग मोठी पॅकेटे पाठवणाऱ्याचा फायदा होतो. ही त्रुटी दूर करणारी पद्धत १९८९मध्ये ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी मांडली. ती न्याय्य होती, पण वेगवान स्विचसाठी तिचे गणित जड होते.

१९९५मध्ये एम. श्रीधर आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले जॉर्ज व्हर्गीस यांनी त्याची सोपी आवृत्ती दिली. ती किराणा दुकानातल्या खातेवहीसारखी आहे. समजा, प्रत्येक रांगेला दर पाळीला १००० बाइट मिळतात. पुढचे पॅकेट १५०० बाइटचे असेल तर ते सुटत नाही, पण १००० बाइट खात्यावर जमा राहतात. पुढच्या पाळीला २००० होतात, पॅकेट सुटते आणि ५०० शिल्लक उरतात. रांग रिकामी झाली की शिल्लक शून्य होते, कारण गरज नसताना हक्क साठवून ठेवता येत नाही. एखाद्या रांगेला जास्त वाटा द्यायचा असेल, तर तिचा पाळीचा आकडा वाढवायचा. आजच्या अनेक स्विचांत हीच कल्पना वेगवेगळ्या रूपांत वापरली जाते. साधारणतः आवाजासाठी एक कडक रांग, तिच्यावर मर्यादा, आणि बाकीच्यांना वजनानुसार पाळी अशी मांडणी करतात.

तीन मिलिसेकंद

हे सारे फोन आणि चित्रपटांपुरते नाही. आमच्या बोईसर-तारापूर भागाला विजेचे महत्त्व सांगायला नको. १९६९मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र येथे सुरू झाले. आधुनिक विद्युत उपकेंद्रांत बिघाड ओळखणारा रिले आणि वीज तोडणारा ब्रेकर यांच्यातला निरोप अनेक ठिकाणी आता तांब्याच्या वेगळ्या तारेऐवजी नेटवर्कवरून जातो. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वांत तातडीच्या ‘ट्रिप’ संदेशाला तीन मिलिसेकंदांची मुदत आहे आणि अशा संदेशांवर मुळातच ४ क्रमांकाची प्राधान्याची खूण असते. १०० मेगाबिटच्या पोर्टावर पुढे ५० मोठी पॅकेटे उभी असतील, तर साध्या रांगेत सहा मिलिसेकंद जातील आणि मुदत टळेल. प्राधान्याच्या रांगेत फार तर निघालेले एक पॅकेट आड येईल, म्हणजे ०.१२ मिलिसेकंद. एवढ्या फरकावर एखादे रोहित्र वाचू शकते.

प्रतीक्षेची बेरीज

मग प्राधान्य फुकट मिळते का? लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९६५मध्ये एक नियम सिद्ध केला. काम असताना वाट रिकामी राहत नसेल आणि पॅकेटाची लांबी पाहून क्रम लावला जात नसेल, तर प्रत्येक वर्गाची सरासरी प्रतीक्षा गुणिले त्या वर्गाचा भार, यांची बेरीज क्रम कसाही लावला तरी तेवढीच राहते. एकाचे थांबणे कमी केले, की ते दुसऱ्याच्या नावे चढते.

उदाहरण घेऊ. आवाजाचा भार ५ टक्के आहे आणि बाकीचा ७५ टक्के. आवाजाची प्रतीक्षा १५ मिलिसेकंदांनी कमी केली, तर बाकीच्यांची फक्त एका मिलिसेकंदाने वाढते. हा सौदा कोणीही पत्करील. आता उलटे पाहू. प्राधान्याचा वर्ग ६० टक्के आणि उरलेला २० टक्के. वरच्यांचा एक मिलिसेकंद वाचला, की खालच्यांचे तीन जातात. प्राधान्य स्वस्त पडते ते प्राधान्यवाले थोडे असतात तोवरच.

हे मी टेबलावरच्या स्विचवर करून पाहिले. पोर्ट मुद्दाम १० मेगाबिटवर ठेवून एका बाजूने मोठ्या फाइली सोडल्या आणि दुसऱ्या बाजूने आवाज. आवाजाला वरची रांग देताच त्याची तुटातूट थांबली. मग फाइलींवरही तीच खूण लावली, तर आवाज पुन्हा पहिल्यासारखा तुटू लागला. खूण कोणीही लावू शकतो. म्हणून व्यवस्थित चालवलेल्या नेटवर्कात बाहेरून आलेली खूण प्रवेशद्वारावरच तपासतात आणि गरज पडल्यास पुसतात.

नियम कोणाचा?

घरच्या स्विचमध्ये क्रम मालक लावतो. सार्वजनिक इंटरनेटवर तो कोणी लावायचा? कंपनी पैसे देणाऱ्या संकेतस्थळाला वरच्या रांगेत बसवू शकेल काय? आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, कोणता मजकूर पाहता त्यावरून वेगळे दर लावण्यास बंदी केली. जुलै २०१८मध्ये दूरसंचार विभागाने नेट-निरपेक्षतेची तत्त्वे स्वीकारली. मजकूर पाहून वाट अडवणे, संथ करणे किंवा कोणाला झुकते माप देणे त्यांत वर्ज्य ठरले. गर्दीचे वाजवी व्यवस्थापन आणि काही विशेष सेवा यांना मात्र मुभा राहिली. उपकेंद्राच्या संदेशाला आधी सोडणे आणि श्रीमंत संकेतस्थळाला आधी सोडणे या दोन्ही गोष्टी करणारी यंत्रणा एकच आहे. फरक यंत्रात नाही, नियम लिहिणाऱ्याच्या हेतूत आहे.

रांगेने नवी वाट तयार होत नाही. त्यासाठी जादा तार लागते, जसा रेल्वेला तिसरा-चौथा मार्ग लागतो. तोवर कोणीतरी थांबणार हे ठरलेलेच आहे. म्हणून कोणत्याही प्राधान्याची घोषणा ऐकली, की दोन प्रश्न विचारावेत : पुढे जाणारे किती आहेत, आणि मागे राहणाऱ्यांची पाळी नक्की केव्हा येणार? स्विचच्या जाणत्या रचनाकारांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाइटांत लिहून ठेवले आहे. माणसांच्या रांगा लावणाऱ्यांकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही.