उचकी: आठवणीची आणि अडुसष्ट वर्षांची

उचकी लागली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘बघ, कोण आठवण काढतंय!’ मग एकेक नाव घ्यायचं. मामा, आत्या, मावशी... ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली. गंमत म्हणजे हा उपाय बहुतेकदा लागू पडतो. कारण साधी उचकी काही मिनिटांत आपोआपच थांबते आणि श्रेय मावशीला मिळतं!

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा पडद्यासारखा स्नायू असतो. तो अचानक आकसला की हवा झटक्यात आत खेचली जाते. पण सेकंदाच्या साधारण तिसाव्या हिश्श्यात स्वरयंत्राचं दार बंद होतं, हवा अडते आणि ‘हिक्’ असा आवाज येतो. घाईघाईने भरपेट जेवण, तिखट पदार्थ, फसफसणारी पेयं, दारू ही नेहमीची निमित्तं. आईच्या पोटातलं बाळसुद्धा उचक्या देतं.

उपायांची यादीही फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये नाटककार ॲरिस्टोफेनिसला ऐन भाषणाच्या वेळी उचकी लागते. शेजारी बसलेला वैद्य सांगतो, श्वास रोखून धर, नाही जमलं तर पाण्याने गुळण्या कर, तरीही थांबली नाही तर नाकात गुदगुल्या करून शिंक काढ. शेवटी शिंकेनेच काम होतं. तोवर वैद्यबुवा त्याच्या जागी स्वतःचं भाषण उरकून घेतात. १९७१ साली एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चमचाभर कोरडी साखर गिळण्याचा प्रयोग छापून आला. २० पैकी १९ जणांची उचकी थांबली होती. घशाला आणि श्वासाला धक्का देऊन उचकीचं चक्र तोडायचं, हेच या सगळ्या उपायांमागचं तत्त्व.

मात्र अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले चार्ल्स ऑसबोर्न यांना कशाचाच उपयोग झाला नाही. १९२२ मध्ये एका भल्यामोठ्या डुकराचं वजन करताना त्यांना उचकी लागली, ती थांबली १९९० मध्ये. सुरुवातीला मिनिटाला सुमारे ४० उचक्या, पुढे २०. या काळात त्यांनी दोन लग्नं केली, त्यांना आठ मुलंही झाली. उचकी थांबल्यावर वर्षभराने, १९९१ मध्ये ते वारले. जागतिक विक्रमांच्या पुस्तकात त्यांची नोंद आहे.

हे वाचून हसू येतं, पण दवाखान्यात उचकी नेहमीच हसण्यावारी नेता येत नाही. ४८ तासांहून जास्त टिकलेली उचकी हे आजाराचं लक्षण असू शकतं. मूत्रपिंडं निकामी होऊन रक्तात साचलेली द्रव्यं, अन्ननलिकेचे किंवा पोटाचे विकार, श्वासपटलाजवळचा गळू, मेंदूतला पक्षाघात, काही औषधं आणि क्वचित हृदयविकाराचा झटकासुद्धा त्यामागे असतो. अशा वेळी साखर आणि गुळण्या यांत दिवस घालवू नयेत. सतत उचकी लागल्याने झोप उडते, खाणं तुटतं आणि माणूस खंगतो. उचकीबरोबर छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, तोल जात असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर ४८ तासही थांबू नये. मूळ कारणावर उपचार होतात आणि उचकी थांबवणारी औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

पाच मिनिटांची उचकी असेल तर मावशीला खुशाल फोन करावा. तिसऱ्या दिवशीही ती थांबली नाही, तर मात्र आठवण डॉक्टरांची काढावी.