राणी पडली, गुलाम कुठे?

संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेसाठी बेझचा नियम तुम्ही पाठ केला असेलच. पण त्यात नेमकी कोणती संख्या भरायची, हे कळणं वेगळं. ते समजायला ब्रिजमधला एक छोटा प्रश्न फार उपयोगी पडतो.

समजा, तुम्ही दक्षिण. समोर उत्तरेला जोडीदाराची पानं टेबलावर उघडी आहेत, ती डमी. इस्पिकमध्ये डमीकडे एक्का, राजा, १०, ९, ८ आणि तुमच्याकडे ५, ४, ३, २. म्हणजे राणी, गुलाम, ७ आणि ६ ही चार पानं प्रतिस्पर्ध्यांकडे आहेत. या रंगात एकही ट्रिक गमवायची नाही.

डमीतून एक्का खेळलात. पूर्वेने राणी टाकली, पश्चिमेने छक्की. मग दुसऱ्या रंगाने स्वतःच्या हातात येऊन तुम्ही छोटं इस्पिक खेळलात. पश्चिमेने सत्ती टाकली. उरला फक्त गुलाम. तो पूर्वेकडे असेल तर डमीतून राजा खेळायचा, गुलाम पडेल. पश्चिमेकडे असेल तर दश्शी खेळायची, म्हणजे फिनेस. काय कराल?

आधी मोजूया. प्रतिस्पर्ध्यांची २६ पानं १३-१३ अशी वाटण्याचे १,०४,००,६०० प्रकार आहेत.

पूर्वेकडे राणी-गुलाम दोन्ही: उरलेल्या २२ पानांतून ११ निवडायची, ७,०५,४३२ प्रकार, म्हणजे ६.७८%.

पूर्वेकडे एकटी राणी: २२ पानांतून १२ निवडायची, ६,४६,६४६ प्रकार, म्हणजे ६.२२%.

पहिली शक्यता किंचित मोठी, म्हणून राजा खेळावा असं वाटतं. इथेच फसगत होते.

पूर्वेकडे एकटी राणी असेल तर ती टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. पण राणी-गुलाम दोन्ही असतील तर तो गुलामही टाकू शकला असता. दोन्हींपैकी कुठलंही पान तो सारख्याच शक्यतेने टाकतो असं धरलं, तर 'दोन्ही आहेत आणि राणीच दिसली' याची शक्यता ६.७८ ची निम्मी, ३.३९% होते. आता तुलना ६.२२ विरुद्ध ३.३९ अशी आहे. म्हणजे फिनेस सुमारे ६५% वेळा यशस्वी ठरतो.

यालाच ब्रिजमध्ये 'रिस्ट्रिक्टेड चॉइस', मर्यादित निवडीचं तत्त्व म्हणतात. टेरेन्स रीस यांनी १९५८ च्या 'द एक्स्पर्ट गेम' या पुस्तकात ते मांडलं आहे. तीन दारांचा मॉन्टी हॉल प्रश्नही याच तर्कावर उभा आहे.

तुम्ही म्हणाल, पूर्वेला दोन्ही असताना नेहमी राणीच टाकायची सवय असेल तर? रास्त शंका. तसं नक्की माहीत असेल, तर राणी दिसल्यावर राजा किंचित सरस. आणि गुलाम दिसला तर तो एकटाच, म्हणजे फिनेस हमखास. पान तेच, पण ते टाकणाऱ्याची पद्धत बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

संशोधनात हीच गोष्ट रोज लागते. समजा, एखाद्या आजाराचा अभ्यास फक्त मोठ्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर केला. तिथे गंभीर रुग्णच जास्त येत असतील, तर आजार आहे त्यापेक्षा भयंकर दिसेल. म्हणून 'काय दिसलं?' यासोबत 'ते माझ्यापर्यंत कसं पोहोचलं? दुसरं काही दिसू शकलं असतं का?' हेही विचारा.

पटत नसेल तर पायथनमध्ये लाखभर डाव वाटून बघा. मात्र राणी-गुलाम दोन्ही असताना पूर्व कोणतं पान टाकतो, ती ओळ नीट विचार करून लिहा. सगळं उत्तर त्या ओळीवर अवलंबून आहे.