दुकान माझे, गिऱ्हाईक कोणाचे?

"दुकान माझे, भांडवल माझे, मग माल कोणाला द्यावा हे सरकारने का ठरवावे?" राज्यशास्त्राच्या तासाला हा प्रश्न निघाला की वर्गात हमखास दोन तट पडतात. प्रश्न वरवर साधा दिसतो, पण मूलभूत हक्क नेमके कोणाविरुद्ध मागायचे, या मुळाशीच तो जाऊन भिडतो. म्हणून त्याचा थोडा खोलात विचार करावा असे मला वाटले.

मूलभूत हक्क हे सामान्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. घटनेच्या कलम १५ चे पहिले उपकलमही राज्यालाच बजावते की केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून नागरिकांत भेद करू नये. अमेरिकेत समतेची घटनात्मक हमी एवढ्यावरच थांबली. खानावळी व नाट्यगृहे सर्वांना खुली करणारा १८७५ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली रद्द ठरविला. कारण घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसाला नाही. पुढे १९६० साली ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहारगृहात ठाण मांडून बसले, तशी आंदोलने गावोगाव झाली, आणि १९६४ साली नवा कायदा आला तेव्हा कुठे ही दारे उघडली.

आपल्या घटनाकारांनी मात्र ही गोष्ट पुढच्या कायद्यावर सोडली नाही. कलम १५ चे दुसरे उपकलम मुद्दाम वाचून पाहावे. त्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात विहिरी, तळी, घाट व रस्ते येतात. पण ते सरकारी पैशाने राखलेले किंवा जनतेला वाहिलेले असले पाहिजेत अशी अट आहे. पहिल्या भागात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे येतात, आणि तेथे अशी कोणतीही अट नाही. म्हणजे खाजगी मालकीचे दुकानही घटनेने थेट आपल्या कक्षेत घेतले आहे.

असे का केले, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी पाणी प्याले तेव्हा दंगल उसळली. पुढे कोर्टात प्रतिपक्षाने काय म्हणावे? तळे खाजगी आहे! मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली हा दावा फेटाळला. 'खाजगी' या शब्दाच्या आड काय काय लपू शकते, याचा याहून बोलका दाखला कोणता?

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या उपकलमावर चर्चा झाली. न्हाव्याचे दुकान किंवा परिटाची लाँड्री 'दुकान' या शब्दात येते काय, अशी पृच्छा होती. डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला की हा शब्द केवळ आत शिरण्यापुरता नाही. ठरलेल्या अटींवर सेवा मिळणे असा त्याचा व्यापक अर्थ आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरून खाजगी शिक्षणसंस्थाही या उपकलमात बसवल्या.

मग दुकानदाराला काहीच स्वातंत्र्य नाही काय? आहे. पैसे न देणाऱ्याला किंवा दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला तो बाहेर काढू शकतो. 'प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे' ही पाटी तेवढ्यापुरती खरी. जात किंवा धर्म पाहून दार लावण्याचा परवाना ती देत नाही.

तथापि या संरक्षणाला भोके आहेत. कलम १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट झाली आणि १९५५ च्या कायद्याने त्या कारणावरून माल वा सेवा नाकारणे गुन्हा ठरला. त्याला किमान एक महिन्याची कैद आहे. परंतु धर्मावरून किंवा स्त्री म्हणून कोणी खाजगी माणसाने नाकारले, तर सर्व क्षेत्रांना लागू पडणारा एकच सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. घराच्या बाबतीत तर अडचण अधिकच. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिली. संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार त्यामागे होता. एचआयव्हीबाधित व तृतीयपंथी व्यक्तींना अनुक्रमे २०१७ व २०१९ च्या कायद्यांनी भाड्याच्या घराबाबत संरक्षण दिले आहे. बाकीच्यांना मात्र खोली पाहायला गेल्यावर आधी आडनाव सांगावे लागते, आणि मग खोली 'कालच गेली' असे उत्तर ऐकून परत फिरावे लागते.

छोट्या समाजाला एकत्र राहावेसे वाटणे मी समजू शकतो. पण ज्या शहरात एकामागून एक संस्था तेच म्हणू लागतील, तेथे वगळलेल्या माणसाने जायचे कोठे? आपल्या घरात कोणाला जेवायला बोलवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र रस्त्याकडे दार उघडून, पाटी लावून व्यवसाय मांडला की येणारा माणूस पाहुणा राहत नाही, तो नागरिक असतो. घटनेने दुकानाबाबत हे मान्य केले आहे. भाड्याच्या खोलीबाबत कायद्याने ते अजून म्हणायचे आहे, आणि ते म्हणावे असे मला वाटते.