कात करणारे कातकरी

विड्याला चुना लागतो, सुपारी लागते आणि कातही लागतो. ह्या कातावरूनच आपल्याकडच्या एका जुन्या जमातीला नाव पडले. कात करणारे ते कातकरी. त्यांना काथोडी असेही म्हणतात. तेही नाव काथावरूनच आले. उरण, पनवेल, पेण, अलिबाग, रोहा, मुरूड ह्या तालुक्यांत कितीतरी गावांच्या कडेला कातकरवाडी असते. ह्या लोकांची हकिकत आज आपण वाचू.

कात हा खैराच्या झाडापासून होतो. खैराची साल काढली की आत लाल गाभा लागतो. कातकरी पुरुष खैर तोडत आणि गाभ्याचे बारीक तुकडे करत. बायका ते तुकडे मडक्यांत घालून उकळत. पाणी आटून घट्ट झाले की त्याच्या वड्या पाडून वाळवत. पावसाळा सरला की बिऱ्हाडे रानात जात आणि झोपड्या घालून राहत. हे काम कष्टाचे आणि कसबाचेही होते. आच कमीजास्त झाली तर माल बिघडे. कात नुसता विड्यासाठी नव्हता, बरं का! त्याने कापड रंगवत, कातडे कमावत. मासे धरायची सुती जाळी कुजू नयेत म्हणून ती कातात बुडवण्याची रीत परदेशांतल्या किनाऱ्यांवरही होती.

हे लोक मूळचे कुठले? वाडीतली म्हातारी माणसे सांगतात, की रामाबरोबर लंकेवर गेलेल्या वानरांचे आम्ही वंशज. ही झाली त्यांची परंपरा. अभ्यास करणारे त्यांच्या बोलीकडे बोट दाखवतात. कातकरी बोली मराठीच्या जवळ आली आहे, पण तिच्यात भिल्ली आणि गुजराती वळणही आहे. त्यावरून त्यांचे पूर्वज उत्तरेकडून कोकणात उतरले असावेत, असा तर्क करतात. सोन आणि ढोर अशा त्यांच्या पोटशाखा आहेत. हिलम, मुकणे, वाघमारे, पवार, जाधव अशी आडनावे आहेत.

रानाची विद्या ह्या लोकांजवळ मोठी. कडूकंद कडू असतो, तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या चकत्या राखेत उकळायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे तो खाण्याजोगा होतो. कोणता पाला जखमेवर बांधावा, खेकडा कोणत्या बिळात सापडेल, मध कधी काढावा, हे सारे त्यांना ठाऊक. पुस्तक नव्हते, पण शिक्षण होते.

मग ही माणसे इतकी गरीब का झाली? काही लोक म्हणतात, त्यांना साठवणे माहीत नाही. एवढेच म्हणून भागत नाही. १८७८ साली इंग्रज सरकारने जंगलाचा कायदा केला. रान सरकारचे झाले. काल ज्या खैरावर कुऱ्हाड चालवून पोट भरायचे, तो आज तोडला की गुन्हा! डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायची दळी जमीनही सरकारच्या मर्जीवर गेली. धंदा गेला, नाव तेवढे राहिले. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या आल्या. पावसाळ्यात ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जाऊन ती फेडायची. किती फिटली आणि किती राहिली, हे वहीत ठेकेदारच लिहिणार. वर गावात चोरी झाली, की पहिला संशय कातकरवाडीवर!

पण हे लोक मुकाट बसले नाहीत. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. आगरी, कोळी, कराडी, कातकरी असे सगळे अक्कादेवीच्या रानात जमले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जे हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना देतात. रानासाठी आणि देशासाठी कातकऱ्याने रक्त सांडले आहे, हे आपल्या पोरांना सांगितले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकरी पावणेतीन लाखांच्या वर भरले. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड ह्या राज्यातल्या तीन जमाती सरकारने विशेष दुर्बळ मानल्या आहेत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली आणि तिच्यापायी असलेले कर्जही रद्द ठरवले. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी रानजमीन आदिवासी कसतो, तिच्यावर त्याला हक्क मागता येतो. ही जमीन जास्तीत जास्त ४ हेक्टर. मागणी ग्रामसभेत करायची. पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने मिळतो.

ह्या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट फार मोलाची आहे. दाव्याला पुरावा लागतो. पण गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकतही पुरावा म्हणून चालते. दावा करणारा सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याने ती सांगायची. आजा कोणत्या उतारावर नाचणी पेरीत होता, पाणी कोणत्या झऱ्याचे भरत होते, देव कुठे पुजत होते, हे सारे त्यात येते. त्याला जोडून दुसराही पुरावा द्यावा.

तेव्हा मंडळी, जुन्या गोष्टी नुसत्या शेकोटीजवळ सांगायच्या नसतात. आता तुम्हांला लिहितावाचता येते. वाडीत जो सर्वांत म्हातारा असेल, त्याच्याजवळ बसा. तो सांगेल ते कागदावर उतरून घ्या. तारीख घाला. त्याची सही किंवा अंगठा घ्या. त्याआधी सारे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. आणि पुढच्या खेपेला उचल घेताना ठेकेदाराच्या वहीतला आकडाही स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.