राहायला आलेली माणसं

गेल्या पावसाळ्यात कळलं, की चंद्रपूरकडच्या आमच्या जुन्या संस्थेतला सामूहिक रसोडा बंद झाला. तिथे आता शहरी पाहुण्यांसाठी खोल्या होताहेत. माहितीपत्रकात ‘सामुदायिक जीवनाचा अनुभव, दोन रात्री’ असं छापलंय. प्रत्यक्षात तसं जगणारं एकही कुटुंब तिथे उरलेलं नाही. कर्मचारी पगारी आहेत, संध्याकाळी मोटारसायकली काढून आपापल्या घरी जातात. दोष त्यांचा नाही. पण ‘अनुभव’ वाचून माझा संताप झाला.

विदर्भात या परंपरेचा इतिहास सांगावा लागत नाही. १९३६ साली गांधीजी सेगावात आले, पुढे वरोऱ्याच्या माळावर बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं, १९५९ साली विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर काढलं. शताब्द्या आणि जयंत्यांच्या भाषणांत हे सगळं येऊन गेलंय. मी बोलणार आहे १९७३ ते १९८३ बद्दल, कारण ती वर्षं मी आमच्या त्या संस्थेत काढली.

बहात्तरच्या दुष्काळाने आमच्या पिढीला घराबाहेर काढलं. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत उन्हाळ्यात शेकडो पोरं कुदळ-फावडं घेऊन राबायची. बहुतेक जण परतून नोकरीला लागत, थोडे कुठे कुठे राहून जात. मी त्या थोड्यांतला. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पावसाळ्यात नद्या फुगल्या, की तिथला रस्ता महिनोन्महिने तुटायचा. सुरुवातीला माडिया लोक दवाखान्याकडे फिरकत नसत. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथेच राहिले, तेव्हा हळूहळू पेशंट येऊ लागले. शिबिर भरवून हे साधलं नसतं.

आमच्याकडे पहाटे साडेचारला घंटा व्हायची. झाडलोट, संडाससफाई, मग शेत. दुपारी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. हातात मानधन किरकोळ पडायचं. पण खरी कसोटी लागायची ती बैठकीत. निर्णय सर्वसहमतीने, म्हणजे एक जण जरी अडला तरी सगळे अडले. रेडिओ घ्यावा की नाही, यावर आम्ही आठवडे घालवले. ज्याच्याशी रात्री कडाक्याचं भांडण, त्याच्याच शेजारी सकाळी निंदायला बसायचं. सोडून जायची सोय मनातून काढून टाकली, की माणूस ऐकून घ्यायला शिकतो. दोन रात्रींच्या पाहुण्याला हे कुठून कळणार?

पंचाहत्तरच्या आणीबाणीने मात्र आम्हाला फोडलं. विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं आणि ‘अनुशासन पर्व’ हे त्यांचे दोन शब्द देशभर गाजले. जयप्रकाशजी तुरुंगात. आमच्या पंगतीत दोन ओळी झाल्या आणि त्या सत्त्याहत्तरनंतरही पुरत्या जुळल्या नाहीत.

आता जुने हिशेब. पहिला आम्हा पुरुषांचा. बौद्धिकात श्रमप्रतिष्ठेवर तासभर बोलून आम्ही ताटावर बसायचो, चुलीपुढे बायका. तिकडे पवनारला बहिणी स्वतः शेती करत, ‘मैत्री’ मासिक स्वतः छापत, कारभारही स्वतः चालवत. ते जवळच होतं. आम्ही दर्शन घेऊन आलो, शिकलो काहीच नाही.

दुसरा हिशेब आमच्या चाहत्यांचा. पुण्या-मुंबईहून जीपने यायचे, पिठलं-भाकर खाऊन गहिवरायचे, चेक फाडायचे. स्वतःचा मुलगा मात्र इंजिनीअरिंगला. आम्हाला संत ठरवलं, की आमच्या आजारपणाचं, म्हातारपणाचं काय, हे विचारायची गरजच उरत नव्हती. विश्वस्तांनीही ते विचारलं नाही. मुलं पाचवी-सहावीत गेली, शाळेसाठी एकेक घर तालुक्याला हललं. तत्त्वावरून गेलेले मोजके. बाकीचे फीसाठी आणि ऑपरेशनसाठी गेले. मीही त्र्याऐंशी साली त्यातच निघालो.

पुढची तीस वर्षं अहवाल आणि इमारतींची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायला लावले. पैसा आला, सोबत तिमाही उद्दिष्टं आली. दोन वर्षांच्या फेलोशिपवर हुशार मुलं येतात, मनापासून राबतात आणि गावाची ओळख होते न होते तोच निघतात. उलट, मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला. त्यामागे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ग्रामसभेसोबत घालवलेली दोन दशकं होती. तिमाही तक्त्यात ती बसली नसती.

नवी पिढी कचखाऊ आहे, हे मला मान्य नाही. आयुष्य मागायची हिंमत संस्थांनीच सोडली, कारण मागितलं तर घर, विमा, मुलांची शाळा, म्हातारपणची सोय आणि बैठकीत बरोबरीचं मत द्यावं लागेल. त्यापेक्षा पाहुणे परवडतात.

म्हणून देणगीदारांना एकच विनंती. यापुढे वार्षिक अहवालात ‘लाभार्थी किती’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना मागा: इथे दहा वर्षांहून अधिक काळ राहून काम करणारे किती? तिथे शून्य असेल, तर चेक फाडण्याआधी कारण विचारा.