तालोस सावकाश का चालतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात आम्ही एक जुना इंग्रजी चित्रपट दाखवला. ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ हे त्याचे नाव. ग्रीक पुराणकथेवरचा हा साहसपट 1963 साली निघाला. सोनेरी लोकर मिळवण्यासाठी जेसन ‘आर्गो’ नावाच्या नौकेतून साथीदारांसह निघतो आणि वाटेत नाना संकटे त्याला गाठतात. तालोस नावाचा कांशाचा अजस्र पुतळा जिवंत होऊन त्यांच्यावर चालून येतो. शेवटी तर जमिनीतून सात सांगाडे ढाल-तलवारीनिशी उगवतात! चित्रपटाचे दिग्दर्शक डॉन चाफी; पण त्यातले चमत्कार मात्र रे हॅरीहाउसेन (1920-2013) यांच्या हातचे.

चित्रपट संपल्यावर मी मुलांची मते विचारली. अकरावीतला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, मला तालोसची भीती वाटली.” सारा वर्ग हसला. “किती हळू चालतो तो! आणि सगळं खोटंच दिसतं,” असे दुसरा म्हणाला. मीही हसलो आणि म्हणालो, “जुनं तंत्र आहे, दुसरं काय!” तो मुलगा मुकाट्याने खाली बसला.

घरी आल्यावर मी सहज कागद-पेन्सिल घेतली, आणि माझे हसणे चुकीचे होते हे माझ्या ध्यानात आले.

मित्रहो, आधी हे चमत्कार कसे केले ते पाहू. चित्रपटात दर सेकंदाला 24 स्थिर चित्रे आपल्या डोळ्यांपुढून जातात. हॅरीहाउसेन सांधे असलेली लहानशी बाहुली घेत, तिचा हात किंचित हलवून एक चित्र टिपत, पुन्हा किंचित हलवून दुसरे टिपत. सांगाड्यांची लढाई पडद्यावर काही मिनिटांत संपते. पण ती टिपायला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. अशीच युक्ती आपल्या दादासाहेब फाळके यांनीही केली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे रोज टिपली आणि रोप झरझर वाढताना पडद्यावर दाखवले.

आता तालोसकडे वळू. समजा, तो माणसाच्या 16 पट उंच आहे, म्हणजे सुमारे 27 मीटर. सव्वा मीटर उंचीवरून सोडलेला दगड अर्ध्या सेकंदात जमिनीवर पडतो. मग 16 पट उंचीवरून, म्हणजे 20 मीटरवरून, किती वेळ लागेल? आठ सेकंद? नाही. फक्त दोन! (गुरुत्वीय त्वरण 10 धरून गणित करून पाहा.) उंची 16 पट झाली की वेळ 4 पट होतो, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. लंबकाचेही तसेच. दोरी 16 पट लांब केली की झोका चौपट वेळ घेतो. आणि चालताना झुलणारा आपला पाय म्हणजे एका परीने लंबकच नव्हे काय? तेव्हा आपले जे पाऊल अर्ध्या सेकंदात पडते, त्याला तालोसला दोन सेकंद लागणारच. तो आपल्यासारखा चटचट चालला असता, तर पडद्यावर बाहुलीच दिसली असती! तो कांशाचा आहे म्हणून आपण त्याला मुद्दाम जड आणि ताठर चालवले, असे हॅरीहाउसेन यांनी पुढे सांगितलेही होते. माझ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी गणित न मांडताच तालोसची उंची ओळखली होती. म्हणूनच तो घाबरला.

मग ‘खोटे दिसते’ म्हणणारा मुलगा चुकला काय? तसेही नाही. नेहमीच्या चित्रीकरणात प्रत्येक चित्र टिपायला सुमारे 1/48 सेकंद लागतो. सेकंदाला 3 मीटर वेगाने फिरणारा हात तेवढ्यात 6 सेंटिमीटर पुढे जातो, म्हणून चित्रात तो पुसट उमटतो. बाहुली मात्र टिपताना स्थिर असते. तिचे प्रत्येक चित्र अगदी रेखीव येते, आणि चाल तुटक भासते. तोच तुटकपणा सांगाड्यांना मात्र शोभून दिसतो. हाडांची हालचाल माणसासारखी असावी तरी कशाला?

आणखी एक गंमत पाहा. समुद्रदेव ट्रायटन आदळणारे कडे धरून ठेवतो, त्या दृश्यात बाहुली नाही, खरा नट आहे. आणि नौका मात्र लहान प्रतिकृती आहे. पाणी काही बाहुलीसारखे थोडे-थोडे हलवता येत नाही. प्रतिकृती 16 पट लहान असेल, तर सेकंदाला 24 ऐवजी 96 चित्रे टिपावी लागतात. मग लाटा चौपट सावकाश पडतात आणि मोठ्या वाटतात. पण पाण्याचा थेंब फसत नाही. त्याचा आकार पृष्ठताणावर ठरतो. 4 मिलिमीटरचा थेंब त्या नौकेशेजारी साडेसहा सेंटिमीटरचा, म्हणजे चांगला लिंबाएवढा भासतो!

या चित्रपटाविषयी मोठ्या माणसांचीही मते आहेत. 1992 साली हॅरीहाउसेन यांना ऑस्कर सोहळ्यात गौरवण्यात आले, तेव्हा अभिनेते टॉम हँक्स यांनी हाच आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट असे म्हटले होते. तुम्ही ते मान्य करायलाच हवे असे नाही. आवड ज्याची त्याची. पण ‘का आवडले’ आणि ‘का खटकले’ या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मोजता येतात.

दुसऱ्या दिवशी मी हेच गणित फळ्यावर मांडले आणि काल आपण उगाच हसलो, हे वर्गासमोर कबूल केले. मग त्या मुलानेच विचारले, “सर, हे घरी करून पाहता येईल?”

येईल की! काडेपेट्यांचा 30 सेंटिमीटर उंच मनोरा रचा. मोबाइलवर तो सेकंदाला 120 चित्रांच्या वेगाने टिपत पाडा, आणि 30 च्या वेगाने पाहा. चौपट सावकाश कोसळणारा तो मनोरा किती उंच वाटेल, ते आधी गणिताने काढा. मग चित्रफीत एखाद्या मित्राला दाखवा आणि त्याचे मत विचारा. मात्र ते काहीही असले, तरी त्याला हसू नका!