तापणे आणि तापविणे : दाबलेल्या हवेविषयी

‘तापणे’ हे अकर्मक क्रियापद होय. ‘तापविणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. ‘हवा तापली’ या वाक्यात तापविणारा सांगितलेला नसतो. तो विस्तव किंवा ऊन असावा, असे आपण गृहीत धरतो. सायकलच्या चाकात हातपंपाने हवा भरताना मात्र हे गृहीत टिकत नाही. वर्ध्याच्या भर थंडीतल्या पहाटेही पंपाचे खालचे टोक हाताला ऊन लागते. मग येथे तापविणारा कोण?

घर्षण हे उत्तर पुरेसे नाही. दट्ट्या नळीला सर्वत्र घासतो. परंतु नळी विशेषेकरून तापते ती हवा दाबली जाते त्या टोकाशी. रेणूंची दाटी झाल्याने हवा तापते, हेही खरे नव्हे. तसे असते तर भरलेले चाक रात्रभर गरम राहिले असते. सकाळी हवा दाटलेलीच असते, चाक मात्र थंड. अर्थात कारण दाटीत नसून दाबण्याच्या क्रियेत आहे.

हवेचे रेणू अखंड धावत असतात. समोरून येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जसा अधिक वेगाने परततो, तसाच पुढे सरकणाऱ्या दट्ट्यावर आदळलेला रेणूही. रेणूंच्या गतीची सरासरी ऊर्जा वाढली, की तपमान वाढते. हाताचे श्रम अशा रीतीने हवेत उतरतात. ३० अंश सेल्सियसची हवा त्वरेने निम्म्या जागेत दाबली आणि उष्णता मुळीच बाहेर जाऊ दिली नाही, तर तपमान सुमारे १२७ अंशांवर जाते. तपमानाला ‘उष्णतामान’ म्हणण्याची जुनी रीत येथे घोटाळा करते. कारण बाहेरून उष्णता न देताही ते वाढले आहे.

याउलट, प्रसरण पावणारी हवा भोवतालच्या हवेला मागे रेटते. त्या श्रमाचे मोल तिला स्वतःच्या ऊर्जेतून द्यावे लागते. म्हणून ती निवते. आर्वी-हिंगणघाटकडील कोरडवाहू कपाशीचे भवितव्य याच नियमावर अवलंबून आहे. वर चढणारी हवा कमी दाबाच्या थरांत शिरून पसरते आणि दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी निवते. पुढे तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होऊ लागतात. त्या वेळी उष्णता सुटत असल्याने निवण्याचा वेग मंदावतो, पण ढग आकार घेतो.

पंपाची ऊब आणि पावसाचा ढग या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत : एकीत हवेवर श्रम होतात, दुसरीत हवा श्रम करते. ‘तापली’, ‘निवली’ ही क्रियापदे हा कर्ता सांगत नाहीत. तो विद्यार्थ्याला शोधावयास लावणे हे शिक्षकाचे काम होय.